आजोबांची डेक्कन, एक रुपयाची डेक्कन आणि सोनेगावची रात्र

दर्यापूर तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होते. ते सांगायचे, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर डेक्कनचं विमान उतरायचं आणि त्यातून टपालाची पोती निघायची. सरांनी हे वर्गात सांगितलं, तर एका पोरानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "सर, एअर डेक्कन तं २००३ मध्ये सुरू झाली. तुमचे आजोबा तं १९९६ लेच वारले." सगळा वर्ग हसला. सर विचारतात, आजोबा गप्पा मारत होते का? आणि ती एक रुपयात तिकीट देणारी डेक्कन पुढं कुणात विलीन झाली, का झाली?

सर, आजोबा खरंच सांगत होते. पोरगंही चूक नाही. नागपूरशी संबंध आलेल्या डेक्कन नावाच्या दोन विमान कंपन्या झाल्या, आणि मोजायचंच तर तिसरीही झाली. आज तिन्ही नाहीत. मी सोनेगावच्या धावपट्टीवर एकतीस वर्षं काढली. आधी सामान चढवणाऱ्यांचा मुकादम होतो, मग लोड अँड ट्रिमच्या टेबलावर बसलो. विमानात किती वजन, कुठल्या कप्प्यात, किती इंधन, याचा हिशोब करून वैमानिकाची सही घ्यायची, हे काम. आता वरुडकडं संत्र्याचा बगिचा सांभाळतो. पहिली डेक्कन मी पाहिली नाही, पण ती पाहिलेल्या माणसांच्या हाताखाली शिकलो.

पहिलीचं नाव डेक्कन एअरवेज. निजामाची स्टेट रेल्वे आणि टाटा यांनी मिळून ती १९४५ साली काढली आणि पुढच्या वर्षी तिची विमानं उडू लागली. मोठा वाटा निजाम सरकारचा. मुख्य तळ हैदराबादचा बेगमपेठ. गंमत म्हणजे तेव्हा आपला वऱ्हाड प्रत्यक्ष इंग्रजांच्या कारभारात असला तरी कागदावर निजामाचाच होता, त्याच्या किताबातही "हैदराबाद आणि बेरार" असंच लिहिलेलं असे. म्हणजे दर्यापूरच्या माणसाला ती कंपनी अगदीच परकी नव्हती, निदान सातबाऱ्यावर तरी.

हैदराबादहून दिल्लीला जाताना तिचं विमान नागपूर, भोपाळ असं थांबत जाई. विमानं डकोटा. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शेकडो डकोटा पडत्या भावात निघाली होती, त्यातूनच त्या काळच्या जवळजवळ सगळ्या भारतीय कंपन्या उभ्या राहिल्या. वीस-पंचवीस माणसं बसत. शेपटीला चाक असल्यामुळं विमान जमिनीवर उभं असताना नाक वर आणि ढुंगण खाली, त्यामुळं आपल्या जागेवर जायचं म्हणजे चढ चढायचा. प्रेम माथूर यांना भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक म्हणतात, त्यांना पहिली संधी याच कंपनीनं दिली. त्याआधी बऱ्याच कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. हे पोरींना वर्गात जरूर सांगा.

आता आजोबांची रात्र. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. योजना इतकी साधी की आजही तिचं कौतुक वाटतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही शहरांतून संध्याकाळी टपाल गोळा करून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं नागपुरात भेटायची. नागपूरच का, तर नकाशावर पट्टी ठेवून बघा. चारही शहरं साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात. डकोटाचा वेग तासाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर धरला तर तीन-साडेतीन तासांचा प्रवास. मध्यरात्र उलटता उलटता चारही विमानं सोनेगावला. इथं पोत्यांची अदलाबदल व्हायची, विमानं आली त्या दिशेला परत निघायची आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरात पोचायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळायचं. त्याच वर्षी एप्रिलपासून पत्रं वेगळा अधिभार न घेता विमानानं जाऊ लागली, तेव्हा तर पोत्यांचा डोंगर झाला असणार.

ही सेवा आधी दुसऱ्या कंपन्यांनी चालवून पाहिली. पैशाच्या अडचणीत एक थांबली, मग दुसरी आली. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या टप्प्यात ते काम डेक्कन एअरवेजकडं आलं. आजोबांच्या आठवणीत नेमकं "डेक्कन" हे नाव असेल, तर ते याच काळातलं. माझ्या वेळचा एक म्हातारा लोडर सांगायचा, "बाबू, चार इमानं एका रांगेत अन् मधात पेट्रोमॅक्स. थंडीत बोटं आखडून जात, पण मुंबईचं पोतं मद्रासच्या इमानात गेलं तं सायेब कान उपटे." त्यानं वर्षाचा हिशोब कधी ठेवला नाही. पण एकदा चुकलेलं पोतं त्याला चाळीस वर्षांनीही आठवत होतं.

ही डेक्कन विलीन झाली ती कायद्यानं. युद्धानंतर परवाने इतके वाटले गेले होते की प्रवासी कमी आणि कंपन्या जास्त अशी अवस्था झाली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनं १९५० मध्येच सांगितलं होतं की इतक्या कंपन्या तग धरणार नाहीत. शेवटी १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्यानं आठ कंपन्या एका महामंडळात गेल्या आणि १ ऑगस्ट १९५३ पासून इंडियन एअरलाइन्स उडू लागली. तिच्या वाट्याला ९९ विमानं आली, त्यांतली ७४ डकोटा. जे.आर.डी. टाटांना हे राष्ट्रीयीकरण अजिबात पटलं नव्हतं. पण धावपट्टीवर काम करणाऱ्याच्या नजरेतून सांगतो, मी ऐकलेल्या विलीनीकरणांत हेच सर्वात कमी त्रासाचं. विमान तेच, वेळ तीच, नागपूरचं मध्यरात्रीचं पोतं तेच. फक्त टोपीवरचा बिल्ला बदलला. रात्रीचं टपाल पुढं कित्येक वर्षं चाललं. एक काळी रात्र मात्र त्याच वर्षी आली. १२ डिसेंबर १९५३ ला नागपुरातून मद्रासकडं उडालेलं डकोटा लगेच कोसळलं आणि १३ जण गेले. जुनी मंडळी डिसेंबरात ती गोष्ट काढायचीच.

आता दुसरी डेक्कन. प्रश्नाचा खरा गुंता इथं आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

कॅप्टन गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. सैन्यातून लवकर बाहेर पडले, शेती केली, रेशीम काढलं आणि रेशमाच्या त्या कामासाठी त्यांना १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मग डेक्कन एव्हिएशन नावाची हेलिकॉप्टर कंपनी काढली. त्याच कंपनीनं ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूर-हुबळी अशी विमानसेवा सुरू केली, ती एअर डेक्कन. सप्टेंबरात हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या पहिल्याच उड्डाणाला इंजिनानं पेट घेतला आणि आत व्यंकय्या नायडूंसारखी मंडळी बसलेली. दुसरा कुणी असता तर तिथंच दुकान बंद करून गेला असता.

तिची विमानं आधी एटीआर. पंखे फिरतात तीच. लोक त्यांना हसतात, पण छोट्या गावाचा हिशोब त्यांच्यावरच बसतो. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचं शुल्क माफ झालं होतं. अशा विमानाच्या इंधनावर विक्रीकर ४ टक्के, तेव्हा मोठ्या जेटला काही राज्यांत २५ टक्क्यांच्या वर. म्हणजे हुबळी, कोल्हापूर अशी गावं जोडायची तर एटीआरच हवं. गोपीनाथांनी ते बरोबर ओळखलं. तिकिटं पेट्रोल पंपावर, इंटरनेटवर, जिथं माणूस दिसेल तिथं विकली. विमानात पाणीसुद्धा विकत. चिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, तो चौकड्याचा कोट घातलेला.

एक रुपयाच्या तिकिटाबद्दल गैरसमज फार आहेत. पूर्ण विमान एक रुपयात भरायचं नाही, काही आसनंच तशी असायची, आणि त्यावर २२१ रुपये कर-शुल्क द्यावंच लागे. आधी बुक करणारा स्वस्तात बसायचा आणि उद्या जायचंय म्हणणारा त्याच्या वाटचंही भाडं भरायचा. एसटीत शेजारच्याचं आणि आपलं तिकीट सारखं असतं, त्यामुळं आपल्या लोकांना हे पचायला वेळ लागला. "त्यानं तीनशेत घेतलं अन् मले साडेतीन हजार काऊन?" असं भांडण मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलं. पण हेही खरं की आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं मी याच काळात पाहिली. स्लीपर घालून, तिळाच्या लाडवाचा डबा मांडीवर घेऊन, पोराला भेटायला बंगळूरला निघालेली आजी. मोजमापाच्या काट्यावर तिनं पिशवीबरोबर स्वतःही चढायचा प्रयत्न केला.

स्वस्तातल्या कंपनीचं मर्म तिकिटात नसतं, ते विमान जमिनीवर किती मिनिटं उभं राहतं यात असतं. एक एटीआर दिवसाला सहा-आठ फेऱ्या मारतं. सकाळी पहिल्या फेरीला चाळीस मिनिटं उशीर झाला की तो दिवसभर वाढत जातो. दिल्लीत धुकं पडलं की नागपुरात दुपारच्या कडक उन्हात लोक आमच्यावर ओरडत. त्यात आपला मे महिना. पंचेचाळीस अंशाला हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते आणि त्याच धावपट्टीवरून तेच विमान तेवढं वजन घेऊन उडू शकत नाही. मग टेबलावर बसून मी ठरवायचं, सामान खाली ठेवायचं की माणूस. सामानच ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी लग्नघरचे फोन मलाच यायचे.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत स्पाइसजेट, गो एअर, इंडिगो अशा तीन नव्या कंपन्या आल्या. डेक्कननंही एअरबस घेऊन मोठ्या शहरांत टक्कर द्यायला सुरुवात केली. माझ्या मते चूक तिथं झाली. हुबळी-बंगळूरला तिला स्पर्धक नव्हता, दिल्ली-मुंबईला निदान पाच होते. मे २००६ मध्ये शेअर बाजारातून पैसा उभा करायला गेले तर नेमका त्याच महिन्यात बाजार आपटला. पैसा आला, पण कसाबसा. विमानं वाढत होती, तोटाही वाढत होता.

जून २००७ च्या तोंडावर किंगफिशर विमान कंपनीच्या विजय मल्ल्यांच्या समूहानं डेक्कनचा २६ टक्के हिस्सा ५५० कोटींना घेतला, १५५ रुपयाला एक शेअर. कारण सांगितलं ते असं की दोघांकडं एअरबस आणि एटीआर, म्हणून देखभाल, सुटे भाग, प्रशिक्षण सगळं एकत्र करता येईल. ते खोटं नव्हतं. पण एवढ्यासाठी कुणी तोट्यातली कंपनी घेत नाही.

तेव्हा एक नियम होता, आमच्यात त्याला पाच-वीस म्हणत. भारतीय कंपनीला परदेशात उडायचं तर देशात पाच वर्षं सेवा दिलेली असावी आणि ताफ्यात किमान वीस विमानं असावीत. किंगफिशर सुरू झाली मे २००५ मध्ये. म्हणजे लंडनला जायला २०१० उजाडलं असतं. डेक्कन सुरू झाली ऑगस्ट २००३ मध्ये. तिची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती.

आता विलीनीकरणाची दिशा बघा. सगळे म्हणतात डेक्कन किंगफिशरमध्ये गेली. कागदावर उलटं झालं. किंगफिशरचा विमान धंदा डेक्कन एव्हिएशन या कंपनीत आणून ओतला, हेलिकॉप्टरचा धंदा बाजूला काढला आणि मग डेक्कन एव्हिएशनचंच नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स केलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर श्रीमंताघरचा मुलगा गरिबाघरी दत्तक गेला, कारण त्याला हवा होता तो फेरफार त्या घराच्या नावावर होता. आणि दत्तक गेल्यावर स्वतःचं आडनाव बदलायच्या ऐवजी त्यानं घराचंच आडनाव बदललं. ३ सप्टेंबर २००८ ला किंगफिशरचं बंगळूर-लंडन विमान उडालं. डेक्कनची पाच वर्षं भरून महिनाही झाला नव्हता.

म्हणून मी म्हणतो, या सौद्यात खरी विकली गेली ती एक तारीख. हुबळीसारखी गावं म्हणजे त्या तारखेसोबत आलेला कडबा.

ज्यासाठी एवढं केलं त्याचं पुढं काय झालं, हे थोडक्यात. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, सप्टेंबरात जगाचा बाजार कोसळला. तोवर आमच्या बाजूला कॉमन मॅन पुसला गेला, निळा-पिवळा रंग जाऊन लाल आला, उड्डाणाच्या क्रमांकापुढचं डीएन जाऊन आयटी आलं आणि नाव झालं किंगफिशर रेड. एका कंपनीत दोन स्वभाव. किंगफिशरच्या एअरबसमध्ये १३४ आसनं, डेक्कनच्या त्याच विमानात १८०. एकीकडं जेवण, टीव्ही, सरबत आणि दुसरीकडं पाणी विकत. प्रवाशाला कळेना आपण कोणत्या घरात आलोय. स्वस्तवाल्याला वाटे जेवण मिळेल, महागवाल्याला वाटे फसवलं. सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्यांनी रेड बंद करत असल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळीच उड्डाणं थांबली आणि परवाना निलंबित झाला. पगार थकलेले कर्मचारी, बँकांची देणी, हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलंच आहे.

सौद्याचं २००७ हे वर्ष तसंही तसलंच होतं. त्याच वर्षी जेट एअरवेजनं एअर सहारा १४५० कोटींना घेऊन तिची जेटलाइट केली, आणि सरकारनं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तीन विलीनीकरणं, आणि तिन्हींत घेणाऱ्याला दम लागला. पाच-वीसचा नियम २०१६ मध्ये बदलला. आज तो सौदा करायला कुणाला डेक्कनची तारीख लागली नसती.

तिसरी डेक्कन तुमच्या विद्यार्थ्याला बहुतेक सापडणार नाही. गोपीनाथांनी २००९ मध्ये डेक्कन ३६० नावाची मालवाहू कंपनी काढली आणि तिचं केंद्र ठेवलं नागपुरात. कल्पना तीच, १९४९ ची. देशभरातून विमानं रात्री नागपुरात यायची, मालाची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. फक्त डकोटाऐवजी एअरबस ३१० आणि पोत्याऐवजी कंटेनर. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षांत होतो. एका रात्री धावपट्टीच्या कडेला उभं राहून ती विमानं लागताना बघत होतो आणि त्या म्हाताऱ्या लोडरची आठवण झाली. तो असता तर म्हणाला असता, यांना पोतं चुकल्यावर कान कोण उपटतं? २०११ मध्ये तीही थांबली. रोजचं तेवढं सामान मिळालंच नाही.

राहिला शेवटचा भाग, पहिल्या डेक्कनचं आज काय उरलं. ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली, इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात गेली आणि एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडं. डेक्कन एअरवेज काढणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच घरी, सत्तर वर्षांनी. एक फांदी मात्र सरकारकडं राहिली. इंडियन एअरलाइन्सनं १९९६ मध्ये काढलेली अलायन्स एअर त्या विक्रीतून वगळली होती. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला पहिलं विमान गेलं ते याच अलायन्स एअरचं, एटीआर ७२. म्हणजे वंशावळ काढलीच, तर आजोबांच्या डेक्कनच्या घरातलं विमान आता तुमच्या गावापासून तासा-दीड तासावर उतरतं.

वर्गात दाखवायला काही हवं असेल तर एक करा. आजोबांच्या पेटीत १९४९ ते ५३ मधली पाकिटं असतील. कलकत्ता किंवा मद्रासहून आलेलं एखादं उचला आणि समोरचा व मागचा असे दोन्ही शिक्के बघा. टाकल्याची आणि पोचल्याची तारीख यांत एकच दिवसाचं अंतर दिसलं, तर ते पाकीट मध्यरात्री सोनेगावला पोत्यात होतं असं समजायला हरकत नाही. तसं सापडलं तर फोटो मलाही पाठवा, शिक्का पुसट असला तरी चालेल.